वाडा आपला, किल्ली कुणाची?

"काय हो ताई, आपला दवाखाना म्हणे कुठल्याशा संस्थेला चालवायला देणार. मग केसपेपरचे पैसे वाढणार का हो?" परवा भिशीत एका मैत्रिणीने विचारलं. आमच्या नगरपालिकेच्या प्रसूतिगृहाबद्दल बोलत होती ती. तिथे डॉक्टर टिकत नाहीत, रात्री बाई अडली की गाडी करून जिल्ह्याच्या गावाला पळायचं. म्हणून एखाद्या चांगल्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेला ते भाडेपट्ट्याने द्यावं, अशी चर्चा आहे. ऐकून मलाही आधी बरंच वाटलं.

पण मैत्रिणींनो, केसपेपरपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो आपला, बायकांचा आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराची हकिगत वाचली तेव्हा तो माझ्या लक्षात आला.

तिथलं ब्रॅकेनरिज रुग्णालय १८८४ साली सुरू झालेलं. शहराच्या मालकीचं, गोरगरिबांचा आधार. पुढे ते चालवणं शहराला जड जाऊ लागलं. १९९५ मध्ये शहराने ते सेटन या संस्थेला ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं. मालकी शहराचीच राहिली. सेटन ही कॅथलिक जोगिणींनी उभी केलेली सेवाभावी संस्था. गरिबांवर उपचार करण्यात तिचं नाव होतं.

अडचण एकच होती. कॅथलिक धर्मनियमांना कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया मान्य नाही. बाळंतपणानंतर "आता पुरे, ऑपरेशन करून टाका" असं बाईने म्हटलं, तर ते कोण करणार? आधी काहीतरी तडजोड करून गाडं चाललं. पण २००१ मध्ये तिथल्या बिशपांनी नियम कडक केले आणि तडजोड कोलमडली. शेवटी शहराने त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर बायकांसाठी स्वतंत्र हॉस्पिटल काढलं, वेगळ्या परवान्याचं. ते २००४ मध्ये सुरू झालं आणि चालवायला दिलं एका सरकारी वैद्यकीय विद्यापीठाकडे. एका छपराखाली दोन दवाखाने! जुनं ब्रॅकेनरिज २०१७ मध्ये बंद होऊन जवळच नवं रुग्णालय आलं, पण तो पाचवा मजला माझ्या डोक्यातून जात नाही.

जोगिणींना मी दोष देत नाही. त्या आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक होत्या, आणि ती कुणापासून लपलेलीही नव्हती. पण आपल्या शरीराचा निर्णय कोण घेणार, हे बाईने कुणाच्या श्रद्धेवर का सोडावं? शहराने मालकी हातची जाऊ दिली नव्हती, म्हणून निदान पाचवा मजला तरी उभा राहिला. भाड्याने दिला होता तो दवाखाना. जबाबदारी देऊन टाकता येत नाही.

आपण घराची एक खोली भाड्याने देतो, तेव्हा पाण्याचं कसं, लाइटबिल कुणी भरायचं, सोडताना किती महिने आधी सांगायचं, सगळं ठरवून घेतो. मग दवाखाना देताना गप्प का बसायचं? बाळंतपण, टाक्याचं किंवा बिनटाक्याचं ऑपरेशन, गर्भपात, या कायद्याने मिळणाऱ्या सेवा इथेच मिळतील का? गरिबाला दारातून परत पाठवलं तर दाद कुणाकडे मागायची? संस्थेने मध्येच काम सोडलं तर दुसऱ्या दिवशी कोण उभं राहील?

"धर्मादाय" ही पाटी पुरेशी नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. पण हे वीस टक्के झाले. पालिकेचा दवाखाना तर आज सगळाच्या सगळा गरिबांचा आहे. उद्या त्याचा वीस टक्केच आपल्या वाट्याला येणार असेल, तर ते आजच कळायला हवं.

म्हणून भिशीतल्या मैत्रिणीला मी म्हटलं, "अगं, संस्था येईना का, चांगली असेल तर आनंदच आहे. पण आधी करार वाचू." माहितीच्या अधिकारात १० रुपयांत अर्ज करता येतो. आपल्या राज्यात पालिकेच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. सही होण्याआधी आपल्या नगरसेविकेच्या घरी चार जणी मिळून जाऊ या. सही झाल्यावर पाचवा मजला बांधायला आपल्या पालिकेकडे पैसे असणार आहेत थोडेच?