सावकार नको, भागीदार हवा

आपल्या समाजात धंद्याच्या भांडवलाचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'बँकेचं व्याज हराम आहे.' दुसरं, 'बँक आपल्याला कुठे उभं करते?' दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही वाक्यं कर्जाभोवतीच फिरतात. धंदा उभा करायला भागीदारीचाही पैसा असतो, हे कोणी बोलतच नाही.

तो पैसा आमच्या निफाडच्या शेजारी, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत आला. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची कंपनी. २०२२ साली तिच्या प्रक्रिया उद्योगात युरोपातल्या चार संस्थांनी मिळून सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. बेल्जियमच्या इनकोफिन आणि कोरिस, नेदरलँड्सची एफएमओ, फ्रान्सची प्रोपार्को. हे भागभांडवल होतं. त्याला दरमहाचा हप्ता नसतो. कंपनी वाढली तर गुंतवणाऱ्याचा वाटा वाढतो, बुडाली तर त्याचाही पैसा बुडतो. व्हेंचर कॅपिटल याच जातीचं भांडवल आहे.

आता सांगा, हे आपल्याला परकं आहे का? एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात, आणि तोटा झाला तर तो भांडवल देणाऱ्याचा, यालाच फिक्हमध्ये मुदारबा म्हणतात. दोघांचंही भांडवल असेल तर मुशारका. प्रेषित मुहम्मद (स.) नुबुव्वतीच्या आधी हजरत खदीजा (रजि.) यांच्या मालावर व्यापाराला गेले, तो व्यवहार याच पद्धतीचा मानला जातो. युरोपच्या फंडांचे करार जसेच्या तसे हलाल आहेत, असं मी म्हणत नाही. 'कंपनी विकली तर आधी माझे पैसे' अशी कलमं त्यांत असतात, त्याबद्दल जाणकार मुफ्तींना विचारायलाच हवं. पण जोखीम वाटून घ्यायची, हा पाया आपल्या ओळखीचा आहे.

आणि आपण काय केलं? 'हलाल नफा, दरमहा' म्हणणाऱ्यांच्या झोळीत दागिने मोडून पैसे टाकले. बेंगळुरूची आयएमए जून २०१९ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो मुस्लिम घरं रस्त्यावर आली. त्याच्या आदल्या वर्षी हिरा गोल्डवर फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले होते. जो आधीच परताव्याची हमी देतो तो भागीदार नसतो. हमीचा परतावा म्हणजे टोपी घातलेलं व्याज. ज्यांनी मिंबरजवळ बसून अशा योजनांची शिफारस केली, त्यांना समाजाने जाब विचारायला हवा होता. विचारला नाही.

सरकारचा हिशेब वेगळा नाही. २०१६ साली स्टार्टअपसाठी सिडबीमार्फत १० हजार कोटींचा 'फंड ऑफ फंड्स' जाहीर झाला. तो पैसा नोंदणीकृत फंडांकडे जातो आणि ते फंड पुढे गुंतवतात. अशा फंडात पैसे घालायचे तर सेबीच्या नियमाने एका माणसाला किमान एक कोटी लागतात. म्हणजे तिथे ना आपला पैसा जातो, ना तिथला पैसा आपल्याकडे येतो. आपल्या पोराच्या वाट्याला येतं मौलाना आझाद महामंडळाचं कर्ज. बिनव्याजी बँकिंगचं म्हणाल, तर २००८ साली रघुराम राजन समितीने आणि २०१५ साली रिझर्व्ह बँकेच्याच दीपक मोहंती समितीने शिफारस केली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं.

सरकारला भागभांडवल देता येत नाही, असंही नाही. २०२० च्या केंद्रीय योजनेत शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांनी जेवढं भागभांडवल जमवलं, तेवढंच सरकार वर घालतं, कमाल १५ लाखांपर्यंत. मग हीच सोय मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना का नाही? पिंपळगावात माल घेऊन रोज विकणाऱ्या बागवानांनी मिळून शीतगृह काढायचं म्हटलं, तर त्यांना का नाही? ही मागणी धर्माच्या नावावर नाही. व्याज न परवडणाऱ्या लासलगावच्या मराठा तरुणाचीही तीच आहे, आणि ती त्याच्यासोबतच मागायला हवी.

तोपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. ओळखीचे दहाजण २००८ च्या कायद्याखाली एलएलपी नोंदवू शकतात. करार लेखी करा, हिशेब सीएकडून तपासून घ्या, नफ्या-तोट्याचा वाटा आधी ठरवा. गावभर लोकांकडून ठेवी गोळा करू नका; बेकायदा ठेवी घेणं २०१९ पासून गुन्हा आहे. आणि धंदा बुडाला तर त्या पोराला चोर ठरवू नका. आपण बाप-भाऊ असूनही त्याच्या वहीकडे सावकाराच्याच नजरेने पाहतो. ती नजर बदलली नाही, तर युरोपचा पैसा दारात आला तरी घेणारा हात पुढे येणार नाही.