मधल्या बाकावरच्या मुलाची शाळा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मध्यमवर्गीय घरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलाला आठवीसाठी कोणत्या शाळेत घालावे? मुलगा पहिल्या पाचांतला असेल तर प्रश्नच नसतो. खरा प्रश्न असतो पंचावन्न-साठ टक्के मिळवणाऱ्या मुलाचा. मुख्याध्यापकांसमोर त्याचे वडील अपराध्यासारखे बसतात. ‘सर, तसा हुशार आहे, पण अभ्यासाला बसत नाही,’ हे वाक्य मुलाच्या देखतच उच्चारले जाते आणि तो मान खाली घालून ऐकतो. नव्या शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्यावर शिक्का बसलेला असतो.

शाळा निवडताना बहुतेक पालक प्रवेशद्वारावरील फलक पाहतात. ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’ ही अक्षरे वाचून ते निश्चिंत होतात. परंतु हे शंभर टक्के परीक्षेस बसलेल्या मुलांचे असतात, आठवीत दाखल झालेल्या मुलांचे नव्हे. ‘डळमळीत’ विद्यार्थ्याला नववीतच रोखायचे, दाखला घेऊन जाण्यास सुचवायचे किंवा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसायला सांगायचे, ही रीत नवी नाही. निकालाची शोभा राखण्यासाठी ज्यांचा बळी जातो, त्यांत हा सामान्य मुलगाच पहिला असतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला. प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास या कायद्याने मनाई केली. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. मात्र हे संरक्षण आठवीपाशी संपते. नववीची चाळणी नेमकी त्या उंबरठ्यापलीकडे उभी असते, ही गोष्ट फारच थोड्या पालकांच्या ध्यानात येते.

दुसरा भ्रम शुल्काचा. महाराष्ट्रातील बहुसंख्य माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्याच आहेत. अनुदानित शाळांत शिक्षकांचे वेतन शासन देते, म्हणून तेथील शुल्क अल्प असते. 2012 च्या कायद्यानंतर स्वयंअर्थसहाय्यित शाळा वाढल्या. त्यांचा सारा खर्च पालकांच्या खिशातून निघतो. इमारत वातानुकूलित आहे, बस दारात येते, गणवेश परदेशी धाटणीचा आहे; पण त्याने गणितात अडलेल्या मुलाची अडचण सुटते काय? कर्ज काढून महागड्या शाळेत घातलेल्या मुलाला त्या कर्जाचे ओझेही दप्तरासोबत वाहावे लागते. ‘तुझ्यासाठी एवढे पैसे ओततो आहोत,’ हे वाक्य रोज ऐकणारा मुलगा अभ्यासाला नव्हे, घरालाच घाबरू लागतो.

तेव्हा शाळेत गेल्यावर पालकांनी वेगळे प्रश्न विचारावेत. आठवीत आलेल्या मुलांपैकी किती जण याच शाळेतून दहावीला बसले? तुकड्या गुणांनुसार पाडता काय, आणि शेवटच्या तुकडीला अनुभवी शिक्षक मिळतात काय? मागे पडलेल्या मुलासाठी शाळेच्या वेळेतच काही व्यवस्था आहे, की शिकवणी वर्गाचा पत्ता हातात ठेवला जातो? चित्रकला, कार्यशाळा, मैदान यांचे तास दहावीच्या नावाखाली गिळले जातात काय? स्नेहसंमेलनात आणि संघात तीच ती दहा मुले दिसतात, की मधल्या बाकावरच्यालाही कधी व्यासपीठ मिळते? या प्रश्नांनी ज्या शाळेच्या कपाळावर आठी पडते, तेथून नम्रपणे उठावे.

बुद्धिमान मुलांसाठी स्वतंत्र विचार व्हायला हवा, या जाणिवेतून पुण्यात 1962 साली ज्ञानप्रबोधिनी उभी राहिली. समाजाला ते आवश्यकच होते. त्याच्याही आधी, 1919 साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे शिक्षणाची दारे गरीब, बहुजन मुलांसाठी उघडली. मुलाने श्रम करावेत, स्वावलंबी व्हावे आणि शिकावे, हा विचार तेथे रुजला. महाराष्ट्राच्या शैक्षणिक परंपरेत गुणवंताचा गौरव आहे, तसाच सामान्याला हात देण्याचा वसाही आहे. आजच्या शाळांनी पहिला अर्धा भाग तेवढा उचलला आहे.

समाजाचा गाडा गुणवत्ता यादीतील मूठभर नावांवर चालत नाही. दुकान सचोटीने चालवणारा, यंत्र दुरुस्त करणारा, कचेरीत टेबलाखालून काही न घेणारा, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणारा माणूस बहुधा मधल्या बाकावरूनच आलेला असतो. त्याच्या पौगंडावस्थेतील तीन वर्षे ‘तू कमी आहेस’ हे ऐकण्यात गेली, तर नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही.

म्हणून पालकांनी मुलगा शाळेच्या योग्यतेचा आहे काय, याची चिंता सोडावी. शाळा आपल्या मुलाच्या योग्यतेची आहे काय, हे पाहावे. आणि त्यासाठी प्रवेशद्वारावरचा फलक नव्हे, शेवटच्या तुकडीचा वर्ग पाहून यावे.