‘दोनशे स्वयंसेवक पाठवावेत’

साहित्य संमेलने भरवणाऱ्या सर्व स्वागत समित्यांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि समितीप्रमुख यांस,



संमेलनाची तारीख ठरते, मंडपाचे कंत्राट जाते, निमंत्रणपत्रिकेतल्या नावांवरून रुसवेफुगवे होऊन मिटतात आणि मग आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर आपले पत्र येते. ‘आपल्या महाविद्यालयातून दोनशे स्वयंसेवक पाठवावेत.’ कोणत्या कामाला, किती वेळ, कोणाच्या हाताखाली, यातले काहीही त्यात नसते. खुर्च्या आणि गाद्यांच्या मागणीपत्रात याहून जास्त तपशील असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे असल्याने ते पत्र फिरून माझ्याच हातात पडते.

पुण्यात १८७८ साली ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले आणि २०२६च्या जानेवारीत साताऱ्यात ९९वे झाले. शंभराव्याच्या निमित्ताने अध्यक्षपदावर भरपूर शाई सांडेल, सांडू द्या. त्यातले चार थेंब या मुलांसाठी मागतो आहे.

सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे असते. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथचक्राचे आठ आरे आहेत. ते दिवसाचे आठ प्रहर दाखवतात. संयोजकांनी ते फारच मनावर घेतलेले दिसते. सकाळी सहाला ग्रंथदिंडीत झेंडा धरलेला मुलगा रात्री अकराला निवासव्यवस्थेत गाद्या मोजताना सापडतो.

नाव नोंदवणाऱ्यांत कुणी तास भरायला येतो, कुणी मित्र आला म्हणून येतो, आणि काही जण खरोखर लेखक बघायला येतात. या तिसऱ्या गटातल्यांची नेमणूक हमखास पार्किंगला होते. वाचणारी मुलगी तीन दिवस मोटारींना हात दाखवते आणि ज्याने क्रमिक पुस्तकाबाहेर काही वाचलेले नाही त्याला स्टेशनवर पाहुणे ओळखायला पाठवतात. भरती करताना कुणाला काय येते, काय आवडते, एवढे विचारले तरी हा घोळ टळेल. आम्ही त्यांना वर्षभर ओळखतो, आम्हाला विचारा.

मागे एका संमेलनात कविकट्ट्यावर आमची दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. काम एकच, कवीची वेळ संपली की चिठ्ठी नेऊन द्यायची. एका ज्येष्ठ कवींनी ती चिठ्ठी घेतली, वाचली, खिशात घातली आणि ‘आता एक छोटीशी’ म्हणत आणखी दोन कविता म्हटल्या. खाली ताटकळलेले पंधरा-वीस कवी तिच्यावर चिडले. तिने सूत्रसंचालकाकडे पाहिले, तो मोबाईलमध्ये. समितीप्रमुख मंत्र्यांच्या स्वागताला गेलेले. चिठ्ठी तिच्या हाती दिली होती, ध्वनिक्षेपक बंद करायला सांगण्याचा अधिकार मात्र कुणी दिला नव्हता. मग वाईटपणा तिच्या वाट्याला का यावा?

माहितीचीही तीच गत. लोक विचारतात ते ठरलेले असते: स्वच्छतागृह कुठे, जेवणाची कुपने कुठे मिळतात, परिसंवाद कोणत्या मंडपात, शेवटची बस कधी. मंडप ऐन वेळी बदलल्याचा निरोप पदाधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरतो. त्यात स्वयंसेवक नसतात. अशाच एका मुलाने एका आजोबांना उत्तर दिले होते, “काका, मला माहीत नाही. मला इथे फक्त उभं केलंय.” आजोबा हसले. मला हसू आले नाही.

तक्रार करायची सोय कशी असावी, हे आपल्याकडे वारीत बघायला मिळते. माउलींच्या पालखीसोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि एवढा जनसमुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मगच पुढचे. आपल्या मंडपात उपाशी राहिलेल्या मुलाने टाळ कुठे वाजवायचे? भोजन समिती म्हणते कुपने संपली, स्वयंसेवक समिती म्हणते भोजन समितीला विचारा. चार वाजता उरलेला मसालेभात मिळतो. तोवर पाहुण्यांच्या दालनातली बासुंदी आटोपलेली असते.

आणि ऊन. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्याच्या मैदानात उष्माघाताने १४ माणसे गेली. संमेलनही कधी कधी उन्हाळ्यात भरते. उदगीरचे २०२२च्या एप्रिलमध्ये भरले होते. मैदानात सगळ्यांत आधी येणारा आणि शेवटी निघणारा माणूस स्वयंसेवक असतो. त्याला सावली आणि पाणी तर हवेच; चक्कर येऊन कुणी पडले तर रुग्णवाहिका कोणत्या फाटकाशी उभी आहे, हेही त्याला तोंडपाठ हवे.

म्हणून यंदा पत्र महिनाभर आधी पाठवा, दोनशेच्या आकड्याऐवजी कामांची यादी पाठवा. पाच तासांहून मोठी पाळी नको. दर वीस मुलांमागे एक जबाबदार माणूस द्या, आणि मंत्री आले तरी त्याने जागा सोडायची नाही. आदल्या दिवशी मैदान पायाखालून घालू द्या. बिल्ल्याचा रंग पोलिसांना आधीच दाखवून ठेवा. नाही तर ताफा आला की पहिल्यांदा दोरीबाहेर जातात ती हीच मुले. रात्री नऊनंतर मुलींना घरापर्यंत सोडायला गाडी लागेल, तिचा खर्च अंदाजपत्रकात धरा. प्रमाणपत्रावर ‘सहभागी’ असे मोघम न लिहिता काय काम केले ते लिहा. नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

यादी माझ्याकडे तयार आहे, नावापुढे प्रत्येकाला काय येते तेही लिहिले आहे. वरच्या गोष्टींना कार्यवाहांच्या सहीचे उत्तर आले की त्याच दिवशी पाठवतो. तोवर दोनशेच काय, दोनही पाठवणार नाही.

कळावे,
आपला,
एक कार्यक्रम अधिकारी