एकाच भिंगात जोतिबा आणि खासबाग

कागलकडच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे, की उसाचे बिल हाती आले आहे, तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल आणि वडील म्हणतात, काय ते एकदाच घे. तेव्हा १८ ते ३०० मिलिमीटरची एकच लेन्स घेऊन धंद्याला लागावे काय? ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी घडविला, तिथल्या पोराला यंत्राचा विचार करू नको असे कोण म्हणणार! पण पैसा घामाचा आहे, म्हणून जरा बैजवार बोलू.

प्रथम हिच्या बाजूने. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर जा. सासनकाठ्या नाचत येताहेत, गुलालाने आभाळ गुलाबी झाले आहे. अशा जागी लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्याचे तोंड उघडून आत गुलाल भरणे! सेन्सरवर कण बसला, की पुढच्या प्रत्येक फोटोवर डाग. इथे आमची एकुलती एक लेन्स शहाणी. तोंड न उघडता सारे पटांगणही टिपते आणि काठीच्या टोकाचा तुराही. मात्र नळी लांब-आखूड होताना हवा आत ओढते, तेव्हा वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधाच.

ही हौस तशी जुनी. फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली आली, ती ३६ ते ८२ ची. १९९२ मध्ये २८ ते २००, आणि २०१७ मध्ये थेट १८ ते ४००. म्हणजे सव्वादोन पटींवरून बावीस पटींवर उडी. पण काच फुकट राबत नाही. १८ ला मंडपाचे खांब पोटातून फुगतात (ते पुढे संगणकावर सरळ करता येतात), आणि ३०० ला चेहरा थोडा मऊ येतो. हे चालवून घेता येईल.

खरी गोम उजेडाची. खासबागेत मोठ्या कुस्त्या शेवटी लागतात, ऊन उतरल्यावर. ३०० ला हिचे छिद्र ६.३ वर येते. २.८ ची भारी लेन्स त्याच्या पाचपट उजेड आत घेते. तिला जिथे सेकंदाचा ५०० वा भाग पुरतो, तिथे हिला १०० वा लागतो, आणि तेवढ्यात पैलवानाने ढाक मारलेली असते. हात हलला तर लेन्स सावरून घेते म्हणतात, ते खरे. पण समोरचा हलला तर ती तरी काय करणार?

आता तुमचा धंदा लग्नाचा, आणि मुहूर्त पुष्कळदा गोरज. अंतरपाट दूर होतो तो क्षण वधूपिता तुमच्यासाठी पुन्हा धरून दाखवणार नाही. एकच लेन्स घेऊन लग्नाचे काम अंगावर घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत. ती घ्याच, पण जोडीला ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची छोटी लेन्स हवीच. स्वस्तात मिळते, खिशात मावते आणि त्याच अंतरावर सातपटीहून अधिक उजेड देते. दोन्ही एकदम झेपत नसतील, तर आधी छोटी घ्या. जोतिबाची यात्रा चैत्रात आहे. तोवर दोन-चार लग्ने होतील.