चाळीस वर्षं धूळ पुसली, आता धूळ लावते



मागच्या चातुर्मासात आमच्याकडे नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. वयानं मोठ्या, मान्यवर. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं टेबल त्यांना दिसलं. त्यावर वीतभर लांबीचे रेल्वेचे डबे, ब्रश, गेरूची वाटी. मी एका वाघिणीच्या कडेला गंज रंगवत होते. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, या वयात हातात माळ घ्यायची, तर तू ब्रश घेतलास? आणि तोसुद्धा खेळण्यांसाठी?"

मी हसले. चहा-फराळ झाला, त्या गेल्या. संध्याकाळी मी टेबल आवरलं, सगळं एका खोक्यात भरलं आणि खोकं माळ्यावर टाकलं. हे काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर नेहमीच्या वेळी रिकाम्या टेबलापुढे जाऊन बसले. महिनाभर हेच चाललं होतं. तो महिना मी विचार करण्यात घालवला. आज जे लिहिते आहे ते त्या विचारातून आलेलं आहे.

आधी हा छंद काय ते सांगते. माझं माहेर खोपोलीचं आणि सासर कर्जतचं. मधे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. एवढ्याशा फाट्यावर माझं अर्धं आयुष्य येण्याजाण्यात गेलं. यांचं बालपण तर रेल्वेच्या रुळांकडे बघतच गेलं. कर्जतहून घाट चढायचा तर गाडीला मागून आणखी इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. ती लागताना, सुटताना बघायची, मालगाडीच्या वाघिणी मोजायच्या, हाच या मुलांचा खेळ. जुन्या माणसांच्या तोंडी 'खेकडा' नावाचं विजेचं इंजिन असायचं. १९२०च्या दशकाच्या अखेरीला ती इंजिनं आली, त्यातली पहिली स्वित्झर्लंडमध्ये घडलेली. सासरे त्याच्या आवाजाची नक्कल करून मुलांना हसवायचे.

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर हे पुण्याला कोथरूडजवळ भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आले. १९९८ साली ते सुरू झालं. छोटे सिग्नल, छोटी फाटकं आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. घरी आले ते डोक्यात किडा घेऊनच. जाड पुठ्ठा आणि प्लास्टिकचा पत्रा कापून मालगाडीची पहिली वाघीण त्यांनी केली. आपल्या गाड्यांची तयार मॉडेलं बाजारात फार थोडी मिळतात. म्हणून सांगाडा घरी करायचा आणि चाकं व कपलिंग विकत आणायचं.

मी बी.कॉम., त्यामुळे मला आकडे आवडले. सगळं ८७ पटीनं लहान करायचं. कोळशाची उघडी वाघीण जवळजवळ पावणेअकरा मीटर, ती इथे सव्वाबारा सेंटिमीटर होते. प्रवासी डबा साडेचोवीस सेंटिमीटर. माझ्याएवढी बाई पावणेदोन सेंटिमीटर! गंमत पुढे आहे. या मापाचे तयार रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे, म्हणजे युरोपातल्या रुळांच्या मापाचे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७नं भागलं तर एकोणीस मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे आपला डबा त्या रुळावर किंचित पाय जवळ घेऊन उभा राहतो. ताळेबंद जुळवायची सवय असलेल्या मला हे पावणेतीन मिलिमीटर फार दिवस खुपले. आता खुपत नाहीत. काही गोष्टी नीट माहीत असूनही सोडून द्याव्या लागतात.

मग यांचे हात थरथरायला लागले. कापणं पट्टी धरून जमायचं, पण रंगाची बारीक रेघ जमेना. एक दिवस चिडून ब्रश ठेवला आणि म्हणाले, "डबा नवाकोरा दिसतो. खरा वाटत नाही. त्याला मळवायला हवा." मी म्हटलं, "द्या इकडे. मळाबद्दल तुम्ही मला काय सांगणार?"

मैत्रिणींनो, खरंच सांगा, घाण कुठे साठते हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? चाळीस वर्षं मी खिडकीच्या गजांच्या खालच्या टोकाशी जमणारी धूळ पुसली. कर्जतच्या पावसात पत्र्याला खिळ्यापासून गंज कसा ओघळतो, दाराच्या कडीभोवती हात लागून लागून रंग कसा उडतो, हे रोज बघितलं. वाघिणीचं तेच. गंज रिव्हेटपाशी सुरू होतो आणि पावसाच्या धारेबरोबर सरळ खाली उतरतो, आडवा जात नाही. तेलाच्या टाकीवर झाकणाखालीच काळा ओघळ असतो. डब्याचा खालचा भाग तपकिरी का? तर ब्रेकचा लोखंडी ठोकळा चाकावर घासला की लोखंडाची बारीक पूड उडते आणि खाली सगळीकडे बसून गंजते. आपल्या घाटात दर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. उतरताना ब्रेक किती लागत असेल याचा हिशोब करा, म्हणजे कर्जतला उतरलेल्या गाडीचे पाय असे का दिसतात ते कळेल.

साहित्य घरातलंच. गेरू म्हणजे मुळात लोखंडाचा गंजच, तेव्हा गंजाला गेरूसारखा रंग नाही. धुळीला मुलतानी माती, काळेपणाला काजळी. सगळं खलात घोटायचं, जुन्या मलमलीतून गाळायचं आणि कोरड्या ब्रशनं थोडं थोडं बसवायचं. पावसाच्या ओघळांना पातळ केलेला रंग डब्यावर फिरवायचा, लगेच ओल्या चिंधीनं वरून खाली पुसायचा, सांधीत उरेल तेवढा राहू द्यायचा. वर बिनचकाकीचं वॉर्निश. त्यानं पूड थोडी फिकी पडते, म्हणून आधी चिमूटभर जास्त लावायची. शुद्ध काळा रंग कधी वापरायचा नाही. लांबून बघितलेली कुठलीच वस्तू ठार काळी दिसत नाही.

आपले नियमही मी इथे सोडले नाहीत. चांगले ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात, ते घरात येऊ दिले नाहीत, नायलॉनचेच वापरते. सरस नाही, फेविकॉल. पावसाळ्यात दिव्यापाशी किडे येतात आणि ओल्या वॉर्निशला चिकटून मरतात. हे एकदा माझ्या हातून झालं, त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून वॉर्निश फक्त दिवसा, वर झाकण ठेवून, आणि आषाढ-श्रावणात अजिबात नाही. तसंही दमट हवेत फवाऱ्याचं वॉर्निश पांढुरकं पडतं, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. प्रश्न खोटा नव्हता. त्यात तीन आक्षेप होते. तिन्ही मी वहीत लिहून काढले.

पहिला, पैसा. माझ्याकडे जमाखर्च आहे. महिन्याला आठशे रुपयांच्या वर एक पैसा नाही. एका लग्नाच्या साडीच्या किमतीत आमचे दोन वर्षांचे डबे होतात. ती साडी नेसून मी दोनदा बाहेर जाईन. तेव्हा साड्यांच्या कपाटाला कुणी हसत नसेल तर डब्यांच्या टेबलालाही हसू नये. हा आक्षेप मी खोडून काढला.

दुसरा, वेळ. इथे मला सावध राहायला हवं. आजकाल जो तो म्हणतो, माझा छंद हेच माझं ध्यान. मी तसं म्हणणार नाही. ब्रशच्या टोकाशी मन एकाग्र होतं हे खरं, पण रोख बघा. सामायिकाच्या ४८ मिनिटांत मी स्वतःकडे बघते, आणि डबा रंगवताना डब्याकडे. एकाला दुसऱ्याचं नाव देणं ही फसवणूक. म्हणून सकाळचं सामायिक सकाळी, स्वाध्याय त्याच्या वेळी. डब्यांचा तास दुपारी जेवणानंतरचा, जो पूर्वी मालिकेत किंवा फोनवर दुसऱ्यांच्या सुनांची चर्चा करण्यात जायचा. धर्माचा वेळ यात गेला नाही, निंदेचा गेला.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड, परिग्रह. हा मी पूर्ण खोडू शकले नाही, आणि खोटं बोलणार नाही. वस्तू गोळा करायची गोडी लागते. एक वाघीण झाली की ब्रेकव्हॅन हवी, ब्रेकव्हॅन झाली की नेरळ-माथेरानची छोटी गाडी हवी. १९०७ पासून तालुक्यातून धावणारी आपली घरची गाडी, ती नको कशी? यांचे डोळे चमकतात, आणि माझेही चमकतात, हे मला दिसतं. यावर आपल्याच आचारात उपाय आहे. गृहस्थाला सर्वस्व सोडायला सांगितलेलं नाही, मर्यादा बांधायला सांगितलेली आहे. परिग्रह-परिमाण. आम्ही दोघांनी बसून आकडा ठरवला, तीस. इंजिनं धरून तीस. एकतिसावा डबा करायचा तर आधी एक घराबाहेर जायला हवा, आणि विकून नाही, देऊन.

पहिल्यांदा द्यायची वेळ आली तेव्हा यांनी सगळ्यात ओबडधोबड डबा पुढे केला. मी नको म्हटलं. दान करायचं ते उतरलेलं नाही. मग मीच रंगवलेली, मला सगळ्यात आवडणारी गंजकी वाघीण शेजारच्या मुलाला दिली. त्यानं ती फरशीवर पळवली आणि आठवड्यात तिचं कपलिंग मोडलं. मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं किती होतं, त्यावरून माझा परिग्रह किती होता ते मला कळलं. हे कुठल्याही पुस्तकातून इतकं नीट कळलं नसतं.

आता माझं मत स्पष्ट सांगते. उतारवयात घरात छंदाला एक टेबल हवं. आपण म्हाताऱ्या माणसांच्या हातातलं काम काढून घेतो, "आता आराम करा" म्हणतो, आणि मग ते खिडकीशी बसून राहतात म्हणून कुरकुरतो. यांच्या हाताची थरथर मी थांबवू शकत नाही. पण ते कापतात आणि मी रंगवते, यामुळे दुपारी एक तास आम्हाला औषधांखेरीज बोलायला विषय असतो. तो विषय मी लोकलज्जेसाठी महिनाभर माळ्यावर टाकला होता. ती माझी चूक.

दुसरं, ते टेबल बाईलाही हवं. तुमच्या घरात बघा. पुरुषाच्या छंदाला कपाट मिळतं, आपल्या विणकामाला पलंगाखालची पिशवी. मीही यांचा हात थरथरला म्हणूनच टेबलाशी पोचले. तोवर चहा नेऊन ठेवण्यापुरतीच तिथे जायचे. हे लिहिताना मला आपल्या घाटाची गोष्ट आठवते. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदारानं भोर घाटाचं काम घेतलं आणि इथे आल्यावर थोड्याच काळात तो वारला. त्याची बायको अॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. दोन इंजिनिअर हाताशी घेऊन काम पुढे नेलं, आणि १८६३मध्ये घाटातून गाडी गेली. डोंगर फोडताना हजारो मजुरांनी जीव गमावला, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. हे दोन्ही लक्षात ठेवून मी घाटातल्या गाडीकडे बघते. पण रेल्वे हे बायकांचं काम नाही असं निदान कर्जतच्या माणसानं तरी म्हणू नये.

खोकं मी स्वतः खाली काढलं. यांनी विचारलं, "त्या परत आल्या तर?" मी म्हटलं, "आल्या तर त्यांच्या हातात ब्रश देईन. नायलॉनचा आहे."

आणि त्या खरंच आल्या, दिवाळीनंतर. ब्रश घेतला नाही. पण चष्मा चढवून वाघीण बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "इथे जरा जास्त गंज झालाय. एवढा तर आमच्या गच्चीच्या दारालाही नाही." बरोबर होतं त्यांचं. मी ओल्या चिंधीनं थोडा पुसला.

तुमच्या घरात तुमचं टेबल कोणतं आहे, मैत्रिणींनो? नसेल तर ते कुठे मांडता येईल, एवढा विचार आज दुपारी करा. आणि लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.