अंगणातली ओम्नी आणि काळी माती

ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले, पण लातूर-नांदेडच्या रस्त्यांवरून ती गेलेली नाही. एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या पाट्या लावून ती अजून दुधाचे कॅन, मंडपाचे सामान आणि लग्नसराईत निम्मी भावकी वाहते. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आलेल्या या गाडीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन समोरच्या सीटखाली बसवलेले. सीट उलटली की प्लग, कार्ब्युरेटर हाताशी. किरकोळ कामाला ही रचना सोन्यासारखी. इंजिन काढायची वेळ आली की मात्र हीच रचना माणसाला गाडीखाली झोपवते. बहुतेक मिस्त्री इंजिन खालून उतरवतात, आणि ते बाहेर ओढायला गाडी दीड-दोन फूट उचलावी लागते.

हे काम घराच्या अंगणात कशाला, असा प्रश्न पडणे सोपे आहे. गाडी जुनी, तिची किंमत ती काय उरलेली. गावापासून गॅरेज लांब, टोचनचा खर्च वेगळा. त्यापेक्षा ओळखीचा मिस्त्री घरी बोलावला, हाताखाली पुतण्या उभा केला की भागते. या हिशोबात चूक काहीच नाही. घरी काम करू नका, असा उपदेश कोणी ऐकणार नाही आणि तो करण्यात अर्थही नाही. बोलायला हवे ते गाडी कशी उचलतात याबद्दल.

जॅक किती टनाचा, हे सगळे विचारतात. तो टेकवायचा कशावर, हे विचारणारा विरळा. मराठवाड्याची काळी माती मे महिन्यात दगडासारखी वाटते. भेगा पडलेल्या असतात, टाच आपटली तरी दबत नाही. मृगाचा एक सडाका आला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते. संध्याकाळी घट्ट जमिनीवर उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला कललेली दिसली, तर दोष जॅकचा नसतो.

अंगणात शहाबादी फरशी असेल तर माणूस निर्धास्त होतो, आणि तिथे आणखी फसतो. फरशीखाली मुरमाची भर कुठे बसलेली, कुठे पोकळ. नाण्याने ठोकून पाहावी; पोकळ जागी आवाज बद्द येतो. ओम्नीचे वजन आठशे किलोच्या आसपास. त्यातले चारशे किलो एका बॉटल जॅकवर आले आणि जॅकचे बूड दहा सेंटिमीटर चौरस असले, तर दर चौरस सेंटिमीटरला चार किलोचा दाब पडतो. पोकळ फरशीला तडा जायला तेवढे पुरते. त्याच जॅकखाली एक फूट चौरस, दोन इंच जाडीची बाभळीची फळी सरकवली की दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. बैलगाडीच्या चाकाला ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभूळ वापरली, त्यांना या लाकडाची ताकद सांगावी लागू नये. तरी अंगणात टेकू म्हणून दिसतात त्या विटा, नाहीतर सिमेंटचे पोकळ ब्लॉक. लाकूड मोडण्याआधी करकरते, दबते. वीट काही न सांगता फुटते.

चेन कप्पी हा दुसरा आवडता उपाय. ती कडुलिंबाच्या फांदीला, नाहीतर पत्र्याच्या शेडच्या अँगलला अडकवायची. शेडचा अँगल पत्रे आणि वारा पेलायला केलेला असतो; गाडीचे टोक त्याच्या हिशोबात कधीच नव्हते. फांदीबद्दल न बोललेले बरे.

हॅन्डब्रेक आणि गिअर यांच्याबद्दलही गैरसमज आहे. ओम्नीचा हॅन्डब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाके उचलली की तो ओढूनही न ओढल्यासारखा. गिअरचा भरवसा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे तोवर. इंजिन काढायला शाफ्ट सोडला की गिअर आणि चाक यांचे नाते तुटते. तेव्हा जमिनीवर राहिलेल्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय जॅकला हात लावू नये. बॅटरीची वायर त्याआधीच काढलेली असावी, आणि गॅसकिट असेल तर टाकीचा व्हॉल्व्हही बंद केलेला असावा. इंजिनला खालून आधार देताना जॅक थेट चेंबरला लावू नये, मध्ये फळी हवी. नाहीतर इंजिनच्या कामात चेंबरचे काम वाढते.

हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर आणि एका रबरी सीलवर उभा असतो. सील कधी दगा देईल, हे बाहेरून कळत नाही. म्हणून जॅकने उचलायचे आणि भार लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) द्यायचा, मगच खाली शिरायचे. रेल्वेच्या कार्यशाळेतही पद्धत हीच: चार कोपऱ्यांचे जॅक एका लयीत चालवून डबा उचलतात आणि खालची बोगी ढकलत काढली की डबा ट्रेसलवर विसावतो. लातूरच्या डबा कारखान्यातून डब्याचा पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. तिथून हाकेच्या अंतरावरच्या वस्त्यांत मात्र जॅकवरच्या गाडीखाली माणसे झोपतात.

घोडीवरही डोळे मिटून विश्वास नको. अमेरिकेत २०२० साली हत्यारांच्या एका मोठ्या विक्रेत्याने तीन आणि सहा टनांच्या घोड्या लाखोंनी परत मागवल्या. खिटी दात्यात पक्की बसत नव्हती. बदल्यात दिलेल्या काही घोड्यांच्या वेल्डिंगमध्येही खोट निघाली. जाणते मिस्त्री त्यामुळे काढलेले चाक चेसिसखाली आडवे सरकवून ठेवतात आणि खाली जाण्यापूर्वी दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून पाहतात. पडायची असेल तर आत्ता पडू दे, असा तो हिशोब.

सगळ्यात मोठा धोका मात्र काम थांबल्यावर सुरू होतो. इंजिन निघते, बोअरिंगला लेथवाल्याकडे जाते आणि आठ-दहा दिवस येत नाही. तोवर पुढून हलकी झालेली गाडी अंगणात उंचावर उभी. पोरांना तिच्याखाली लपायला जागा मिळते, कुत्री सावलीला बसतात, रात्री पाऊस येतो. इंजिन निघाल्याच्या दिवशीच गाडी चाकांवर उतरवून ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम. आळस आणि ‘परत उचलावी लागेल’ एवढ्याच कारणाने ते टळते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलयंत्रे आणि साखळ्यांची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी सक्तीची केली. अंगणातल्या जॅकपर्यंत असा कायदा कधी पोचला नाही, आणि पोचणारही नाही. तिथे शिकवणेच चालेल. लातूर आणि नांदेडच्या शासकीय आयटीआयनी मृगापूर्वीचा एक रविवार यासाठी द्यावा: गावोगावच्या मिस्त्र्यांना आणि गाडीमालकांना बोलवावे, एक जुनी ओम्नी सगळ्यांसमोर उचलावी, इंजिन उतरवावे आणि ती पुन्हा चाकांवर ठेवून दाखवावी.