आजोबांचा कागद कुठंय?

मुरुडात हल्ली कुणीही भेटलं की एकच विषय, जुनी नोंद. आजोबांच्या खासरा पत्रकासाठी मीही एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. "रेकॉर्ड जीर्ण झालंय, मिळणार नाही." तेही तोंडी. लेखी द्या म्हटलं तर साहेब मीटिंगला.

आपली अडचण पुण्या-साताऱ्यासारखी नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, दप्तर उर्दूत. लातूर जिल्हा झाला १९८२ ला, त्याआधी आपण उस्मानाबाद जिल्ह्यात. म्हणजे कागद लातूरला, धाराशिवला का हैदराबादला, इथूनच शोध सुरू. बरं, सापडला तरी वाचणार कोण? जुनं उर्दू वाचणारे गावात किती उरलेत?

आणि हे काम होतच नाही असंही नाही. २०२३ ला न्या. शिंदे समिती नेमली, हैदराबादपर्यंत शोध गेला, गठ्ठे उघडले, बऱ्याच जिल्ह्यांनी कुणबी नोंदी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकल्या. आंदोलन पेटलं म्हणून! मग बाकीच्या दप्तराचं काय? जमिनीचं, वारसाचं, इतर समाजांच्या नोंदींचं? त्यासाठीही रस्त्यावरच बसायचं का? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून सांगतंय, की कागदांची सूची करा, संगणकावर आणा, लोकांवर मागायची वेळच येऊ देऊ नका.

तोवर तोंडी उत्तर ऐकून माघारी येऊ नका. साधा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. माझा अर्ज सोमवारी दिलाय.